एकूण एक गाडी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पावणेबाराला किशोर आपल्या बायकोशी शेवटचं वाक्य बोलला. "हे काय करून ठेवलंस?" एवढंच. हातातली आपट्याची पानं त्याने टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि पाठमोरा बसला. सविता दारात उभी होती. आता आवाज चढेल, मग चढेल, म्हणून वाट बघत राहिली. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता, पण त्या दिवशी चढला असता तर तिला हायसं वाटलं असतं. तो काही चढला नाही. दुपारी ताटात श्रीखंड-पुरी वाढली, ती त्याने खाल्ली. संध्याकाळी सोनं द्यायला सोसायटीतली माणसं आली, त्यांच्याशी हसून बोलला. तिच्याशी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला तरी नाही.

आणि कारण म्हणाल तर बोटाच्या पेराएवढा हळदीचा डाग.

किशोर ओझरच्या विमान कारखान्यात एकोणचाळीस वर्षं होता. पहाटे कंपनीच्या बसने जायचा, संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी परतायचा, आणि जेवण झालं की आतल्या खोलीत शिरायचा. त्या खोलीत त्याच्या गाड्या. प्लास्टिकच्या. कुणी खेळण्यातल्या म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. ही किटं होती, परदेशात साठ-सत्तर सालात निघालेली. एकेका खोक्यात शंभर-दीडशे सुटे भाग, प्लास्टिकच्या काड्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले. ते एकेक कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. दोन-अडीच महिने असं मान मोडून बसलं की खऱ्या गाडीच्या पंचवीसपट लहान गाडी उभी राहायची, पण अशी की पुढचं टोपण, म्हणजे बॉनेट, उघडावं तर आत इंजिनाच्या वायरीसुद्धा दिसाव्यात. अशा त्रेचाळीस गाड्या काचेच्या कपाटात होत्या. अकरा खोकी सीलबंद होती. ती फोडायची नसतात. जुन्या किटाचा सगळा मान त्याच्या सीलात असतो.

आणि एक खोकं उघडं होतं. पांढरी इम्पाला, चौसष्ट सालची.

ती त्याला देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बाईंनी दिली होती. तेव्हा किशोर कारखान्यात नवा लागलेला, लग्नसुद्धा व्हायचं होतं. बंगला रिकामा करताना बाईंनी मुलाच्या वस्तू वाटून टाकल्या. मुलगा विशीत गेलेला. खोकं त्यानेच उघडलं होतं, भाग मोजून पाहिले होते, आणि मग त्याला बांधायला वेळच मिळाला नाही. बाई किशोरला म्हणाल्या होत्या, "तुला देते, पण तू पण बांधू नको हां डिकरा. तसंच ऱ्हाऊ दे." किशोरने मान हलवली होती. तेव्हापासून त्या खोक्यातला एकही तुकडा त्याने काडीवरून तोडला नाही, की त्याला रंगाचा थेंब लावला नाही. वर्षातून एकदा झाकण उघडायचा, बुरशी-बिरशी धरली नाही ना बघायचा, आणि पुन्हा टिश्यूच्या कागदात गुंडाळून ठेवायचा.

हे सगळं सविताला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं तिने कुणाला कधी सांगितलंही नाही.

तिला स्वतःला गाड्यांत गम्य नव्हतं. तिचं जग देवघराचं. सकाळी तुळशीला पाणी, मग स्तोत्रं, मग पोथीचा एक अध्याय. सोमवार, चतुर्थी, एकादशी. आणि सवड मिळेल तेव्हा कापसाच्या वाती. लक्ष वातींचा नेम तिने दोनदा पुरा केला होता. त्या वातींनीच तिला किशोरच्या टेबलाशी आणून बसवलं. तो रिटायर झाला आणि त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं नाही. पण मिलिमीटरभर आरसा गाडीच्या दाराला चिकटवायचा तर तेवढा कंप पुरे होतो. एका दुपारी तो चिमटा टाकून नुसताच बसलेला तिने पाहिला. ती म्हणाली, "मी धरू का? वातीपेक्षा काय बारीक असणार आहे?"

तेव्हापासून पाच वर्षं, रोज दुपारी तीन ते पाच, दोघं त्या टेबलाशी बसत. तो किटाचा नकाशा वाचायचा, ती बोटं चालवायची. आणि तो बोलायचा. बाहेर चार शब्दांचा माणूस. पण त्या दोन तासांत ही गाडी कुणी काढली, हिचे मागचे दिवे असेच का, कारखान्यात पहिल्यांदा विमानाच्या पंखाखाली उभा राहिला तेव्हा काय वाटलं, आईने पहिल्या पगाराचं काय केलं, सगळं निघायचं. लग्नाच्या एकोणतीस वर्षांत जे कानांवर पडलं नव्हतं ते तिने त्या पाच वर्षांत ऐकलं. देवीपुढे हात जोडले की ती मुलीचं सुख मागायची, नवऱ्याचं आयुष्य मागायची. आणि मनातल्या मनात, लाजत, ते दोन तासही मागून घ्यायची.

श्रावणात किशोरच्या छातीत दुखलं. दोन नळ्या बंद. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर सविता चपला काढून मांडी घालून बसली, वणीच्या दिशेने तोंड केलं, आणि सप्तशृंगीला नवस बोलली. काय बोलावं? तिच्या डोळ्यांपुढे ते काचेचं कपाट आलं. "आई, हे पायी चालत घरी आले, तर दसऱ्याला यांच्या एकूण एक गाडीची मी माझ्या हाताने पूजा करीन."

तिसऱ्या दिवशी किशोर पायी चालत घरी आला.

दसऱ्याला वाहनपूजा घरोघरी होते. खालच्या पार्किंगमध्ये स्कूटरपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडतात. किशोरच्या कपाटापुढे सविता दरवर्षी एक फूल ठेवायची, लांबूनच. या वर्षी तसं भागणार नव्हतं. एकूण एक, असा शब्द दिलेला. किशोर सकाळी त्याचा दोस्त अन्सार याच्या गॅरेजमध्ये पेढे घेऊन गेला, तशी ती अंघोळ करून ओलेत्या केसांनी खोलीत शिरली. एकेक गाडी बाहेर काढली, पाटावर मांडली, करंगळीने हळदीचा आणि कुंकवाचा ठिपका लावला, अक्षता वाहिल्या, निरांजन ओवाळलं, आणि ओल्या मऊ फडक्याने पुसून जागच्या जागी ठेवली. त्रेचाळीस झाल्या. रंगवलेल्या, वर चकाकीचा हात दिलेल्या. हळद चटकन निघाली. अकरा सीलबंद खोकी फोडता येणार नव्हती, त्यांच्या वेष्टणावरच ठिपका टेकवला, तोही पुसला गेला.

राहिली इम्पाला. तिचं झाकण तिने हातात घेतलं. झाकणावर तर चित्र. नवस चित्राला बोललेली नव्हती ती. गाडी आत, आणि हिला सीलही नाही. आणि ही एकच सोडली तर देवी म्हणेल, घेताना नवरा सगळा घेतलास, देताना हात आखडलास होय? तिने झाकण उघडलं, कागद बाजूला केले, आणि आतल्या अखंड, दुधासारख्या पांढऱ्या बॉडीच्या टोपणावर हळदीचं बोट टेकवलं.

रंग नसलेलं जुनं प्लास्टिक. पुसायला गेली तेव्हा कुंकू गेलं, हळद राहिली. ती घासू लागली तशी अजून पसरली. तेवढ्यात दाराशी किल्ली वाजली.

घरात न बोलण्याचीही एक रीत बसत गेली. गोळ्या संपल्या की किशोर रिकामी पट्टी डायनिंग टेबलावर ठेवायचा. चहा हवा असला की ओट्याशी येऊन पाण्याचा ग्लास भरायचा आणि गॅसकडे एकदा बघायचा. ती बोलायची, "आज भोपळ्याचं भरीत केलंय", "वैष्णवीचा फोन येऊन गेला", "अहो, चुकलं माझं, किती वेळा म्हणू?" तो ऐकायचा. मान हलवायचा की नाही तेही कळत नसे.

दिवाळीत लेक वैष्णवी पुण्याहून येऊ शकली नाही. पाडव्याला सविताने रांगोळी काढून पाट मांडला. किशोर येऊन बसला, टोपी घातली, मान खाली करून ओवाळून घेतलं, आणि तबकात साडीचं पाकीट ठेवलं. पाकिटावर पुण्याच्या दुकानाचं नाव; म्हणजे तीही लेकीनेच पाठवलेली. मग वैष्णवीचा फोन आला. किशोर तिला म्हणाला, "तुझ्या आईच्या करंज्या झकास झाल्यात, सांग तिला." सविता तीन हातांच्या अंतरावर उभी होती, निरांजन हातात घेऊन.

फोन तिच्याकडे आला तेव्हा वैष्णवी चिडलेली. "आई, हे काय चाललंय तुमचं? बाबा माझ्याकडून तुला निरोप देतात! पोस्टमन आहे का मी?"

"असू दे गं. आजारातून उठलेत."

"आजारातून उठले म्हणून काय झालं? तूही बंद कर बोलणं. बघू दे किती दिवस जेवण घशाखाली उतरतं."

"अगं, मी कशी बंद करू?" सविता हळूच म्हणाली. "मी नेम धरला की तो मोडत नाही. मग कुणी सोडवायचं?"

वैष्णवी हसली. तिला वाटलं, आई गंमत करतेय.

पण सविताला ते खरोखरच कळत होतं. एका चातुर्मासात तिने मौनभोजनाचा नेम केला होता. चार महिने जेवताना अक्षर बोलायचं नाही, आणि शेवटी देवळाला घंटा दान द्यायची. त्या चार महिन्यांत ती शिकली होती की पहिले आठ दिवस जड जातात, नंतर न बोलणं आपोआप चालतं, आणि पुढे पुढे तर त्याची गोडी लागते. बोलणारी माणसं आपल्यापेक्षा हलकी वाटू लागतात. किशोरच्या चेहऱ्यावर तिला आताशा तीच गोडी दिसायची. फक्त तिच्या मौनाला चार महिन्यांची हद्द होती. याच्या मौनाचं उद्यापन कधी, ते कुठल्याच पोथीत लिहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस भांडी घासताना तिला साडीवरच्या हळदीची आठवण झाली. हळदीकुंकवाच्या समारंभातून आलेल्या साडीवर डाग पडला की बायका काय करतात? साबण लावत नाहीत. साबणाने तो लाल होतो. ओलं करून उन्हात टाकतात. हळद उन्हाला टिकत नाही. डाग आपणहून उडून जातो. तिचं तिलाच हसू आलं. एवढं साधं आपल्याला सुचलं कसं नाही?

दुसऱ्या दिवसापासून किशोर दुपारचं जेवून आडवा झाला की ती खोलीत जायची, खोकं उघडायची, पांढरी बॉडी फडक्यात घेऊन गच्चीत जायची. प्लास्टिक उन्हाने वाकतं, हे तिला याच टेबलाशी बसून कळलं होतं. म्हणून लाकडी पाट, त्यावर चार पदरी ओलं फडकं, त्यावर गाडी. आणि ती स्वतः शेजारी वातींचा कापूस घेऊन. दर दहा मिनिटांनी बोट लावून बघायची, तापली की सावलीत घ्यायची. अर्धा तास. मग परत खोक्यात, कागदाच्या होत्या तशा घड्या करून. पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी पिवळा रंग लिंबाच्या सालीसारखा झाला. सहाव्या दिवशी कळतनकळत. आठव्या दिवशी तिने टोपण उन्हात तिरकं करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. दूध. नुसतं दूध.

ती गच्चीतच हात जोडून उभी राहिली.

आपण होऊन सांगायचा तिला धीर होईना. तिला अन्सारचा आधार वाटला. अन्सार म्हणजे किशोरचा वीस वर्षांचा दोस्त. सारडा सर्कलच्या मागे त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. खऱ्या गाड्यांना रंग देता देता किशोरच्या गाड्यांना नेमका जुना रंग कालवून देण्याचा त्याला नाद लागला. दर रविवारी यायचा. कार्तिकी एकादशी झाल्यावरच्या रविवारी तो आला, तशी सविताने त्याला दाराशीच गाठून सगळं सांगितलं. नवससुद्धा सांगितला.

अन्सारने कानाला हात लावला. "भाभी, आप भी ना! एवढी मोठी गोष्ट मनात ठेवून बसलात? मी बघतो. आज त्याची बोलती चालू करून जातो, नाही तर चहा पिणार नाही तुमचा."

तो खोलीत गेला. सविता स्वयंपाकघरात उभी राहिली. मधली भिंत पातळ. सगळं ऐकू येत होतं.

"काय किशोरभाई, इम्पाला दाखव जरा."

"कशाला? बघून काय करणार? वाट लागली तिची."

"दाखव तर."

खोक्याचा आवाज झाला. टिश्यूचे कागद सळसळले. मग अन्सारचा आवाज, "भिंग दे." टेबलावर भिंग टेकल्याचा आवाज झाला. "किशोरभाई, तीस वर्षं रंगाचं काम करतोय मी. कुठे होता डाग, सांग. मला तर मिळत नाही."

"दे इकडे." खुर्ची सरकली. दिव्याचं बटण वाजलं. सविताने ओट्याची कड धरली.

"गेला," किशोर म्हणाला. आवाजात नवल होतं, तेवढं तिला ऐकू आलं. "गेला कसा?"

"भाभीने घालवला. उन्हात ठेवून. आठ दिवस गच्चीत बसून होती तुझ्या गाडीची राखण करत. वाकू नये म्हणून खाली ओलं फडकं. अरे, माझ्या गॅरेजची पोरं एवढी अक्कल लावत नाहीत!"

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

"म्हणजे एकदा हात लावला होता, तो आठदा लावला," किशोर म्हणाला. "मी झोपलो असताना."

अन्सारने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "यार, असं नको बोलू. तुला माहीत तरी आहे का तिने ते का केलं? तू आत नळ्या लावून पडला होतास आणि ती बाहेर देवीला मागत होती तुला. नवस होता तिचा. तुझ्या जिवासाठी. एकूण एक गाडी बोलली होती, मग ही कशी सोडेल?"

खोक्यावर झाकण बसवल्याचा आवाज आला. सविताला वाटलं, आता. तिने पदराने तोंड पुसलं. दारात जायला पाऊल उचललंसुद्धा.

"माझ्या जिवासाठी देवीला सांगता येतं," किशोर म्हणाला, "आणि मला नाही सांगता येत? मी घरी आलो, दोन महिने तिच्यासमोर बसलो, जेवलो. एकदा म्हणायचं होतं की बाबा रे, मी असं बोललेय. मी स्वतः झाकण उघडून दिलं असतं. मी सांगितलं असतं, रंगाच्या गाड्यांना लाव, हिला कोरडं फूल वाहा. माझाही शब्द दिलेला आहे रे कुणाला तरी. चव्वेचाळीस वर्षं पाळला."

"चूक झाली तिची. माणूस आहे. माफ कर."

"माफ केलं की."

"मग बोल ना तिच्याशी."

"बोलेन," किशोर म्हणाला. "सवय गेलीय."

अन्सार बाहेर आला तेव्हा त्याने सविताकडे बघितलं नाही. "चहा राहू द्या भाभी," म्हणाला, आणि चपला घालून गेला.

त्या संध्याकाळी सविता देवापुढे बसली, पण स्तोत्र काही पुढे सरकेना. किशोर म्हणाला त्यात खोटं काय होतं? तिने विचारलं नव्हतं हे खरंच. का नाही विचारलं? नवस सांगू नये, फळत नाही, असं तिच्या आईने शिकवलं होतं. पण फळल्यावरसुद्धा ती गप्पच राहिली. कदाचित तिला वाटलं असेल की तो नको म्हणेल. नको म्हटलं असतं तर नवऱ्याचं ऐकायचं की देवीचं, हा पेच नको म्हणून तिने पेचच लपवला. हे तिने स्वतःशी कबूल केलं. पण माफ केलं म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रिकामी पट्टी टेबलावर ठेवून गेला, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी कडू वर आलं. चहात साखर घालताना तिचा हात थबकला. मग तिने ती घातलीच, रोजच्याइतकी.

मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आला. सविताने घट मांडला, पाच पानं लावली, देवीला वेणी वाहिली, आणि दुपारी तीनच्या सुमारास पोथी उघडली. एकदा वाचायला बसलं की आरती होईपर्यंत उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. इतक्या वर्षांत ती एकदाही उठली नव्हती. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला होता, तरी नाही.

आतल्या खोलीत किशोर एकटाच बसला होता. जानेवारीत शहरात जुन्या किटांचं प्रदर्शन होतं, आणि त्यासाठी तो आणि अन्सार एक शर्यतीची गाडी तयार करत होते. रंग झाला होता. राहिली होती ती डिकलं: दारांवरचे आकडे आणि बाजूचे पट्टे, पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायचे. पन्नास वर्षांची जुनी डिकलं कांद्याच्या पापुद्र्यासारखी असतात. हात जरा हलला की चुरा, आणि दुसरी मिळत नाहीत.

कथा अर्ध्यावर आली होती. राणी देवीला ओळखत नाही आणि दारातून घालवून देते, तिथे.

"अगं!"

सविताचं बोट ओळीवर थांबलं. छप्पन्न दिवस. तिने ते वातींसारखे एकेक करून काढले होते. तिला वाटलं, भास झाला.

"अगं, ऐकतेस का?"

ती उठली. पोथी उघडीच राहिली, समई जळत राहिली, आणि ती उठली. गुडघा चौरंगाला लागला, घटातलं पाणी हिंदकळलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, नव्या नवरीसारखी. 

"तो बारीक ब्रश कुठे ठेवलायस?" किशोर म्हणाला. वर न बघता.

ब्रश त्याच्या समोरच्या डब्यात होता. तिने काढून दिला. तेव्हा तिला दिसलं. डाव्या दारावरचा सातचा आकडा तीन तुकडे होऊन पाण्यात तरंगत होता. किशोरचा उजवा हात डाव्या हाताने धरलेला होता.

"उजव्या दाराचा तू लाव," तो म्हणाला. "मला जमत नाहीये. बस ना. उभी काय राहिलीस?"

ती बसली. तिने चिमटा घेतला. आणि किशोर बोलू लागला. मधे काही झालंच नव्हतं असा. ही गाडी कुठल्या शर्यतीत धावली, तिचा ड्रायव्हर कसा एका डोळ्याने अधू होता, पट्टा निळा का आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ का. आवाज तोच, दुपारचा, मोकळा. सविता आकडा भिजवत होती. पाण्यात तो हळूहळू सुटत होता. ती वाट बघत होती. या गोष्टीनंतर तो म्हणेल, असं तिला वाटलं. मग वाटलं, पुढच्या गोष्टीनंतर.

आकडा दारावर टेकवून झाला. तिने ओल्या ब्रशने खालची हवा काढली. मग चिमटा खाली ठेवला.

"अहो, एवढे दिवस का नाही बोललात?"

किशोरने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्याला खरंच प्रश्न पडल्यासारखा दिसला.

"आता बोलतोय ना," तो म्हणाला. आणि मग, "तो पट्टा घे आता. मोठा आहे, एका दमात उचलावा लागेल."

तिने पट्टा उचलला. एका दमात. कुठेही सुरकुती न पडता तो गाडीच्या अंगावर बसला. किशोर "वा!" म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्याने अन्सारला फोन लावला. "ये रविवारी, डिकलं झाली. हो, हो, तिनेच लावली. अरे, बोलतोय की! काय बायकांसारखं विचारत बसलायस." आणि हसला. फोन ठेवून तो पुन्हा सांगू लागला, की प्रदर्शनात कुठल्या टेबलावर मांडायची, दिवा कुठून हवा.

"मी पोथीवरून उठलेय," सविता म्हणाली.

"हो का? मग जा, जा. वाचून घे. मी आहेच इथे."

ती देवघरात आली. समईची वात काजळली होती. मधेच उठलं की पोथी पहिल्यापासून वाचावी लागते. तिने हात धुतले, बोटांवरचा डिंक निघाला नाही, तसाच राहिला. पान उलटून तिने पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

आतून आवाज येत होता. तो दाराकडे तोंड करून मोठ्याने बोलत होता, तिला ऐकू जावं म्हणून. पारशी बाईंच्या बंगल्यात पियानो होता, हे त्याने तिला कधी सांगितलं होतं का? त्यावर त्या मुलाचा फोटो होता. सांगितलं नव्हतं. दसऱ्याआधी हे कानांवर पडतं तर ती हातातलं काम टाकून धावली असती, आणि पियानोवर कुणी काय वाजवायचं तेही विचारून घेतलं असतं.

"अगं, ऐकतेयस ना?" किशोर म्हणाला.

ती मनात वाचत होती. आता ओठ हलवून, मोठ्याने वाचू लागली. पोथी वाचताना बोलायचं नसतं, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही. आणि आपल्याला द्यावंसंही वाटत नाहीये, हे जेव्हा तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने देवीच्या मुखवट्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा खाली वळवली. आतला आवाज चालूच होता. तो थांबण्याची ती वाट बघत होती.